मणिकरण, कसोल, खीरगंगा: गरम पाण्याच्या कुंडांबद्दल आणि आजूबाजूच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्वती व्हॅलीत तीनचार वेळा जाऊन आलो, तेव्हापासून एप्रिल लागला की ओळखीतल्या लोकांचे मेसेज सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. म्हणून सगळे एकत्र करून ठेवलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरातली गोष्ट परत लिहिलेली नाही, तिकडचा नंबर दिलाय.

१. मणिकरण आणि कसोल एकच का? नक्की आहे कुठे?

एक नाही, पण शेजारी आहेत. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यात पार्वती नदीच्या काठाला दोन्ही, मध्ये फक्त ४ किलोमीटर. भुंतरला पार्वती बियासला मिळते, तिथून आत वळायचं, आधी कसोल लागतं आणि मग मणिकरण. भुंतर ते मणिकरण ३५ किलोमीटर धरा. कसोल म्हणजे कॅफे, बॅकपॅकर, हिब्रूत लिहिलेल्या पाट्या (इस्रायली पोरं खूप येतात). मणिकरण म्हणजे गुरुद्वारा, देवळं, वाफा आणि यात्रेकरू. उंची साधारण १,७६० मीटर. गरम पाण्यासाठी चाललाय तर मणिकरणलाच जायचं, तसं कुंड कसोलला नाही. हे लिहावं लागतंय कारण दरवर्षी कोणीतरी कसोलला हॉटेल घेऊन विचारतं की कुंड कुठंय.

२. पुण्या-मुंबईहून कसं जायचं? डायरेक्ट ट्रेन आहे का?

ट्रेन डोंगरात जात नाही. चंदीगड किंवा दिल्लीपर्यंत ट्रेनने नाहीतर विमानाने, तिथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस पकडायची आणि भुंतरला उतरायचं. कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवा, कारण बस पहाटे पोचते, तुम्ही झोपलेले असता आणि डोळे उघडतात तेव्हा कुल्लू मागे गेलेलं असतं. (माझं झालंय.) भुंतरला विमानतळ आहे पण विमानं छोटी, हवा बिघडली की कॅन्सल, त्यामुळे परतीचं कनेक्शन त्याच दिवशीचं अजिबात ठेवू नका.

भुंतरहून मणिकरण आणि पुढे बरशैणीपर्यंत (खीरगंगेची चाल सुरू होते ते गाव) लोकल बस जाते, टॅक्सीही मिळते. रस्ता अरुंद आहे, मे-जूनच्या शनिवार-रविवारी कसोलच्या बाजारात गाड्या अशा अडकतात की ३५ किलोमीटरला अडीच तासही लागू शकतात.

३. कधी जावं?

मे ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर शेवट ते नोव्हेंबरची सुरुवात. मला विचाराल तर ऑक्टोबर. आकाश धुतल्यासारखं, गर्दी कमी, आणि थंडी एवढीच की गरम पाण्यात बसल्याचं सार्थक होतं. मे महिन्यात दुपारी घाम पुसत गरम कुंडात उतरणारे बघितले की मला हसू येतं. डिसेंबर ते फेब्रुवारी मणिकरण चालू असतं, पण वरच्या वाटा बर्फात जातात. जुलै-ऑगस्टबद्दल प्रश्न १६ बघा, तो वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

४. पाणी एवढं गरम कशामुळे? खाली ज्वालामुखी आहे का?

नाही. पावसाचं आणि बर्फाचं पाणी खडकांच्या भेगांमधून खूप खोल उतरतं. जमीन जसजशी खोल तसतशी गरम, तिथे ते तापतं आणि दुसऱ्या भेगांतून दाबाने परत वर येतं. हिमालय अजून घडतोय, खडक मोडलेले-फाटलेले आहेत, म्हणून पाण्याला वर यायला वाटा मिळतात. आपल्याकडे कोकणात उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, इकडे गणेशपुरी-वज्रेश्वरी, हे झरेसुद्धा असेच भेगांतून येतात. फरक तापमानाचा. उन्हवऱ्याचं पाणी सत्तरीच्या आसपास, आपल्याकडचं ते कडक समजलं जातं. मणिकरणला पाणी सरळ उकळत बाहेर पडतं.

पुराणातली गोष्ट वेगळी आहे. पार्वतीचा मणी पाण्यात पडला, तो शेषनागापर्यंत गेला, शंकराचा कोप बघून शेषनागाने असा फूत्कार टाकला की उकळत्या पाण्याबरोबर मण्यांचा ढीग वर आला. नाव त्यावरूनच. १९०५ च्या कांगडा भूकंपापर्यंत पाण्यातून मणी निघायचे असंही तिथले लोक सांगतात.

या उष्णतेवर वीज करायचा प्रयोगही झालाय, ५ किलोवॅटचा. म्हणजे घरचे दोन गिझर चालले असते जेमतेम, आणि गिझरची तिथे कोणाला गरज?

५. कुंडात भात खरंच शिजतो की फोटोपुरतं?

खरंच शिजतो. गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं जेवण शिजवायला हे पाणी वापरतात, मोठाली झाकलेली भांडी कुंडात उतरवलेली असतात. तुम्हाला करून बघायचं असेल तर तांदूळ किंवा चण्याची छोटी पुरचुंडी मिळते, कापडात बांधलेली, वर लांब दोरा. दोरा धरून पुरचुंडी कुंडात सोडायची आणि थांबायचं.

एकदा आमच्या शेजारी नाशिकच्या एक काकू दोरा बोटाला गुंडाळून उभ्या होत्या, पाच मिनिटं झाली की बाहेर काढून पुरचुंडी दाबून बघायच्या, "अजून कणी आहे" म्हणत परत सोडायच्या, आणि वाफेने चष्मा पांढरा झालेला असल्यामुळे खरं तर त्यांना काहीच दिसत नव्हतं. अर्ध्या तासात भात झाला. मऊ, थोडा खारट, वर साजूक तूप हवं होतं.

गंमत अशी की समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, पण उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळे मणिकरणला ते ९४ च्या आसपासच उकळायला लागतं. म्हणून भाताला घरच्यापेक्षा जरा जास्त वेळ द्या.

६. उकळतं पाणी असेल तर लोक आंघोळ कशी करतात?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. कुंडं दोन प्रकारची समजा. एक उगमाची, जिथे पुरचुंड्या शिजतात, तिथे बोटसुद्धा घालायचं नाही. आणि दुसरी आंघोळीची, जिथे तेच पाणी गार पाणी मिसळून सोडलेलं असतं. स्त्रियांसाठी वेगळी, बंदिस्त सोय आहे. पुरुषांची मोकळी असते. दोन्हीकडे साबण-शाम्पू वापरू नका, पाणी सगळ्यांचं आहे.

एकदम उडी मारू नका. आधी हात, मग पाय, मग पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत, मग कंबर. गार पाण्याचं प्रमाण कमीजास्त होतं, त्यामुळे काल बरं वाटलेलं पाणी आज कढत असू शकतं. आणि फक्त पाणीच नाही, काही ठिकाणी फरशीसुद्धा तापलेली असते. देवळात जायचं म्हणून मी बूट-मोजे काढले आणि लोक ज्या लाकडी फळ्यांवरून आणि तरटावरून चालत होते ते सोडून रुबाबात फरशीवरून निघालो. चार पावलं गेलो असेन, पाचवं हवेतच. तळव्याला फोड आला आणि दुसऱ्या दिवशीचा ट्रेक बोंबलला. फळ्या टाकल्यात त्या उगाच नाही.

७. आंघोळीला कपडे काय घालायचे?

पुरुष हाफ पँट किंवा पंचा. फक्त अंडरवेअरवर उतरू नका, धार्मिक जागा आहे. बायका बंदिस्त जागेत कुर्ता-लेगिंग किंवा गाऊन घालून उतरतात, स्विमसूटकडे लोक वळून बघतील. सुका टॉवेल आणि एक प्लॅस्टिकची पिशवी ओल्या कपड्यांसाठी. कानटोपी विसरू नका, बाहेर आलं की डोकं गार पडतं आणि सर्दी तिथूनच होते.

८. आईला गुडघेदुखी आहे, कुंडात बसून बरी होईल का?

आराम पडतो, बरी होत नाही. गरम पाण्याने स्नायू सैल पडतात, दुखणं काही वेळ कमी वाटतं, हे घरच्या शेकण्यासारखंच. त्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. एक बाई दोन दिवस औषध न घेता "देवाचं पाणी आहे" म्हणत बसल्या होत्या, तिसऱ्या दिवशी पायऱ्या उतरवेनात. आईला न्या, बसू द्या, छान वाटेल त्यांना, पण पुढचा प्रश्न वाचून.

९. बीपी, शुगर, हार्ट, प्रेग्नन्सी, लहान मुलं: कोणी उतरू नये?

गर्भवतींनी उतरूच नये. हार्टचा त्रास किंवा बीपी असेल तर निघायच्या आधी डॉक्टरला विचारा, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या पसरतात, बीपी पडतं आणि झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. शुगर बरीच वर्षं असेल तर पायाची संवेदना कमी झालेली असते, चटका कळतच नाही, तेव्हा पाण्याचा अंदाज दुसऱ्याने घ्यावा. लहान मुलांना उगमाच्या कुंडांजवळ हात धरूनच न्या. दारू पिऊन तर कोणीच नाही.

धडधाकट माणसानेही एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. बाहेर या, पाणी प्या, मग हवं तर परत. डोकं बुडवू नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका, कोमट नैसर्गिक पाण्यात नाकावाटे शिरणारा अमीबा असू शकतो. फार दुर्मिळ आहे, पण झाला तर वाचणं कठीण.

१०. गुरुद्वाऱ्यात आम्हाला राहता येतं का? लंगर कोणालाही मिळतो?

हो, जात-धर्म कोणी विचारत नाही. लंगर फुकट, पंगतीत बसायचं, पोळी दोन्ही हातांत घ्यायची. डोकं झाकलेलं हवं (रुमाल चालतो), चप्पल बाहेर, तंबाखू-सिगरेट खिशातसुद्धा नको. राहायला खोल्या असतात पण सीझनला मिळतीलच असं नाही. जेवलात तर दानपेटीत टाका किंवा भांडी घासायला बसा. भांडी घासायच्या रांगेत हिटरपेक्षा छान ऊब असते, पाणी गरमच की!

शीख मानतात की गुरू नानक भाई मर्दानाबरोबर इथे आले होते. शेजारी शंकराचं देऊळ, पुढे राममंदिर. एकाच वाफेखाली सगळं.

११. खीरगंगा ट्रेक आम्हाला जमेल का? कधीच ट्रेक केला नाहीये.

सिंहगड न थांबता चढत असाल तर जमेल, पण हा सिंहगड नाही. मणिकरणहून गाडीने किंवा बसने बरशैणी (१५ किलोमीटर), तिथून एका बाजूने साधारण १२ किलोमीटर चाल, वर पोचता तेव्हा उंची २,९५० मीटरच्या आसपास. जायला चार ते सहा तास. पहिला अर्धा भाग गावातून, सफरचंदांच्या बागांतून आरामात जातो आणि लोकांना वाटतं एवढंच का, मग शेवटच्या टप्प्यात जंगलातली चढण सुरू होते आणि सगळे गप्प होतात.

वर माळ, माळाच्या टोकाला गरम पाण्याचं कुंड, समोर बर्फाचे डोंगर. इथलं पाणी उकळतं नाही, अंगाला सोसेल असं, बायकांचं कुंड आडोशाचं. पाण्यावर पांढरट साय असते, गंधकाचा वास येतो. गोष्ट अशी की इथे खिरीचा झरा होता, त्यावरून माणसं भांडतील म्हणून परशुरामाने त्याचं पाणी केलं. चिपळूणकरांनो, तुमचा परशुराम इथेही येऊन गेलाय.

१२. कोणत्या वाटेने जायचं? नकथान, कलगा की तोष?

जाताना-येताना दोन्ही वेळा नकथानची वाट. गाव लागतं, टपऱ्या लागतात, रुद्रनागचा धबधबा लागतो, माणसं भेटत राहतात. तोषहून येणारी वाटही पुढे यालाच मिळते. कलगाची वाट दाट जंगलातून, सावलीची, सुंदर आणि चुकायला सोपी. मध्ये गाव नाही. पावसानंतर चिखल. बरोबर माहितीतला माणूस असेल तरच, आणि उतरताना संध्याकाळी तर कधीच नको. बरशैणीहून सकाळी नऊच्या आत निघा.

१३. वर तंबूत राहता येतं का?

२०१८ मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर वनखात्याने कुंडाजवळचे तंबू हटवले होते, कचरा आणि सांडपाणी प्रचंड झालं होतं. त्यानंतर नियम आणि तंबूंच्या जागा बदलत राहिल्यात. त्यामुळे ऑनलाइन ॲडव्हान्स भरून मोकळे होऊ नका, बरशैणीला पोचल्यावर त्या दिवशी काय चालू आहे ते विचारा आणि एका दिवसात परत यायची तयारी ठेवा. आम्ही एकदा आधीच पैसे भरले, वर गेलो तर त्या नावाचा तंबूच नाही आणि फोन बंद. फोन तर सगळ्यांचेच बंद असतात म्हणा, वर नेटवर्क धरून चालू नका. कॅशही कसोल-मणिकरणलाच काढा.

१४. आम्ही चालणारे नाही. मग काय बघायचं?

तोष. बरशैणीपासून तीनचार किलोमीटर, उंची २,४०० मीटरच्या आसपास, चहा घेऊन बसलं की समोर हिमशिखरं. पुलगा-कलगा ही लाकडी घरांची गावं, सफरचंदाच्या बागा. कसोलहून छलाल, नदीच्या काठाने देवदारातून अर्धा-पाऊण तास, सपाट, आजीसुद्धा जातील. जरा जास्त चालायचं असेल तर ग्रहण गाव, पण ते पूर्ण दिवसाचं काम.

आणि खरं सांगू? मणिकरणच्या पुलावर संध्याकाळी नुसतं उभं राहा. खाली पार्वती एवढ्या आवाजात जाते की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिचं पाणी बर्फाचं, आणि काठाच्या दगडांमधून वाफ निघतेय. हाताच्या अंतरावर दोन्ही.

१५. मलाण्याला जावं का? हात लावला की दंड होतो म्हणे?

मलाणा हे गाव, भुंतर-कसोल रस्त्यावरच्या जरीहून तिकडे फाटा आहे. तिथे कनाशी नावाची स्वतंत्र भाषा बोलतात आणि गावाचा कारभार जमलू देवतेच्या नावाने चालतो. जमलू म्हणजे जमदग्नी ऋषी असं मानतात. म्हणजे माहूरच्या रेणुकेचे यजमान मलाण्याला आणि मुलगा परशुराम वर खीरगंगेला!

हो, घरांना, देवळाला, भिंतींना बाहेरच्याने हात लावला तर दंड मागतात, पाट्याच लावल्यात. दुकानात पैसे खाली ठेवायचे, वस्तूही खालीच ठेवून देतात. २०१७ पासून बाहेरच्यांना गावात मुक्काम बंद आहे. हे पटत नसेल तर जाऊ नका, पण तिथे जाऊन वाद घालू नका आणि माणसांचे फोटो न विचारता काढू नका. प्राणिसंग्रहालय नाही ते. शाळकरी मुलांना मी तरी नेणार नाही. का, ते प्रश्न १७ मध्ये.

१६. जुलैची तिकिटं काढून झालीत. आता?

परतावा मिळत असेल तर घ्या. घाबरवत नाहीये, पण ही दरी पावसात वाईट आहे. २०१५ च्या ऑगस्टमध्ये गुरुद्वाऱ्याच्या इमारतीवर दरड कोसळून माणसं गेली, २०२२ च्या जुलैत मणिकरणजवळ चोज गावात ढगफुटी झाली, २०२३ च्या जुलैत सगळ्या कुल्लूत पूर आला आणि पर्यटक दिवसेंदिवस अडकले.

जायलाच लागलं तर रात्रीचा घाटप्रवास नको, मुक्काम नदीकाठच्या हॉटेलात नको, दोन दिवस जास्तीचे धरा आणि खीरगंगा सोडून द्या. आणि कुठल्याही महिन्यात पार्वतीत उतरून फोटो काढू नका. पाणी बर्फाचं असल्यामुळे पाय लगेच बधिर होतात, दगड शेवाळलेले, आणि वर जलविद्युत प्रकल्प आहेत, पाणी अचानक वाढू शकतं.

१७. कसोलला "ते" सगळं चालतं ना?

हा प्रश्न दर आठवड्याला एकदा तरी येतो, त्यात हसणारा इमोजी असतो. चालत नाही. चरस, गांजा बाळगणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे, भुंतर ते कसोल रस्त्यावर पोलीस बॅगा तपासतात. मलाण्याचं नाव याचसाठी बदनाम झालंय, वाटेत पोरं येऊन हळूच विचारतात. नाही म्हणायचं, थांबायचं नाही. आणि कोणी अनोळखी माणसाने "ही पिशवी तेवढी खाली नेऊन द्या" म्हटलं तर अजिबात हात लावू नका.

१८. मुलगी एकटी जातेय, सेफ आहे का?

मणिकरण, कसोल, तोष इथे एकट्या मुली भरपूर दिसतात. गावात राहा, उजेडात फिरा, बाकी कुठल्याही ठिकाणासारखंच. खरा धोका एकटं जंगलात जाण्याचा आहे, आणि तो मुलांनाही तेवढाच. या दरीत ट्रेकर हरवल्याच्या घटना बऱ्याच आहेत. खीरगंगेला कोणाच्या तरी सोबतीने जा, हॉटेलात सांगून जा, शॉर्टकट नाही.

१९. मनालीहून एका दिवसात होतं का?

मणिकरण होतं, साधारण ८० किलोमीटर, जायला तीन तास धरा. दर्शन, लंगर, आंघोळ आणि परत. खीरगंगा त्यात कोंबू नका. फक्त गरम पाण्यात बसायचं असेल तर मनालीला लागूनच वशिष्ठ आहे, स्त्री-पुरुषांची वेगळी कुंडं, गंधकाचा वास. मनालीच्या अलीकडे कलाथलाही छोटं कुंड आहे. सिमल्याहून जाणाऱ्यांना सतलजकाठचं तत्तापाणी, मात्र कोल धरणामुळे तिथले जुने झरे पाण्याखाली गेले, जुने फोटो बघून जाल तर ओळखू येणार नाही.

२०. अंगावरचे दागिने काळे पडतात का?

चांदी पडते. खीरगंगा आणि वशिष्ठला गंधक आहे, जोडवी-पैंजण काळे पडतील, घरी आल्यावर घासून निघतात पण उतरवून जाणं बरं. मंगळसूत्राचं सोनं काळं नाही पडत, मात्र त्यात चांदी-तांब्याचा अंश असेल तर रंग उतरल्यासारखा वाटतो. कॉन्टॅक्ट लेन्स काढा.

२१. कुंडाचं पाणी तीर्थ म्हणून भरून आणता येतं का? प्यावं का?

आणा, पण उगमाचं पाणी साध्या पाण्याच्या बाटलीत भरू नका. आमच्या ग्रुपमधल्या एकाने भरलं, बाटली हातातच आकसून पिळलेल्या लिंबासारखी झाली आणि पाणी बुटात. स्टीलचा थर्मास न्या, किंवा लोटीत थंड करून मग भरा. देवघरापुरतं ठीक आहे. रोज पेलाभर प्यायला नको, खोल खडकांतून आलंय, त्यात क्षार खूप असतात. आणि विमानाने येणार असाल तर हँडबॅगेत ठेवू नका, चंदीगडला सिक्युरिटीसमोर उभं राहून एका काकांनी आख्खा तांब्याचा गडू डोक्यावर ओतून घेतला होता.